रिमोट डेस्कटॉप सर्व्हरवर लॉगिन रखडतंय? आधी सेकंद मोजा

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधलं किंवा नवी मुंबईच्या महापे-रबाळे पट्ट्यातलं एखादं ऑफिस डोळ्यांसमोर आणा. वीस-तीस माणसं, एकच रिमोट डेस्कटॉप सर्व्हर, म्हणजे सगळे आपापल्या पीसीवरून ज्याच्यात शिरून काम करतात ते मशीन, आणि त्यावर टॅली, एक्सेल, आउटलुक. ट्रान्स-हार्बरची गाडी रबाळेला रिकामी झाली की पुढच्या पंधरा मिनिटांत सगळे एकदम लॉगिन करतात आणि पडद्यावर 'प्लीज वेट'चं चक्र फिरत राहतं. कुणाला चाळीस सेकंद लागतात, कुणाला चार मिनिटं. महिन्याच्या ११ किंवा २० तारखेला, म्हणजे जीएसटी रिटर्नच्या शेवटच्या दिवशी, ही चार मिनिटं अकाउंट्सच्या माणसाला फार जड जातात.

अशा वेळी बहुतेक ठिकाणी सर्वांत आधी रॅम वाढवली जाते. पैसे जातात आणि चक्र फिरायचं थांबत नाही. पासवर्ड तपासणं, प्रोफाइल (युजरच्या फाइल्स आणि सेटिंग्ज) उघडणं, ग्रुप पॉलिसी (ऑफिसने सगळ्यांसाठी ठरवलेल्या सेटिंग्ज) लावणं, ड्राइव्ह जोडणं, प्रिंटर आणणं, मग डेस्कटॉप दाखवणं, अशी कामांची एक रांग लॉगिनमध्ये असते. ही रांग जवळपास नेहमी एखाद्याच ठिकाणी अडलेली असते. ती जागा सापडेपर्यंत सर्व्हरवर काहीही बदलू नका.

उशीर कोणत्या जातीचा आहे?

मोबाइलचं स्टॉपवॉच घ्या. तीन वेगवेगळ्या युजरचं लॉगिन सकाळी दहाला आणि दुपारी तीनला मोजा, आणि आकडे कागदावर लिहा. निम्मं निदान याच कागदावर होतं.

उशीर दरवेळी तेवढाच असेल, म्हणजे ३० सेकंद किंवा एक मिनिट असा ठरावीक, आणि दुपारच्या निवांत वेळीही तो कमी होत नसेल, तर सर्व्हर कुणाला तरी हाक मारतोय आणि पलीकडून उत्तर येत नाहीये. तो टाइमआउटची, म्हणजे उत्तराची मुदत संपायची, वाट बघत बसलाय. इथे नवीन हार्डवेअरचा काडीचाही उपयोग नाही.

सकाळी चार मिनिटं आणि दुपारी चाळीस सेकंद लागत असतील तर तो गर्दीचा भार आहे. डिस्क, रॅम, अँटिव्हायरस, या दिशेने शोधा.

तिसरी जात सर्वांत फसवी. वर्षभरापूर्वी वीस सेकंद लागायचे, दिवाळीनंतर पन्नास, आता दोन मिनिटं. म्हणजे सर्व्हरवर काहीतरी साचत चाललंय. उशीर रोज इंचाइंचाने वाढत असल्यामुळे तक्रार उशिरा येते, आणि तोवर 'सर्व्हर जुना झालाय' हे सगळ्यांनी मान्य करून टाकलेलं असतं.

शिवाय हेही विचारा: त्रास सगळ्यांना आहे की एकालाच? एकालाच असेल तर सर्व्हर सोडा, त्याचं प्रोफाइल किंवा त्याचा पीसी बघा. नवीन सेशनला (युजरची सर्व्हरवर उघडलेली बैठक) वेळ लागतो पण तुटलेलं सेशन परत जोडताना लागत नाही, असं असेल तर नेटवर्कवर संशय घेऊ नका, कारण परत जोडताना प्रोफाइल आणि लॉगऑन पॉलिसीचा टप्पा येतच नाही.

रांग कुठे अडते ते पडद्यावर दिसू द्या

ग्रुप पॉलिसीत कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, सिस्टम या वाटेने जा आणि 'डिस्प्ले हायली डिटेल्ड स्टेटस मेसेजेस' ही सेटिंग चालू करा. यानंतर नुसत्या 'प्लीज वेट'ऐवजी कोणतं काम चाललंय ते लॉगिनच्या पडद्यावर दिसतं: युजर प्रोफाइल सर्व्हिस, ड्राइव्ह मॅप्स, प्रिंटर्स. लॉगिन करणाऱ्यालाच सांगा, 'ताई, जिथे अडेल तिथे मोबाइलवर फोटो काढून पाठवा.' त्या फोटोने तासभराचा शोध वाचतो.

पक्का पुरावा इव्हेंट व्ह्यूअरमध्ये मिळतो. 'ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज' खाली मायक्रोसॉफ्ट, मग विंडोज उघडा. तिथल्या चार ठिकाणांचे ऑपरेशनल लॉग बघायचे:

टर्मिनल-सर्व्हिसेस-रिमोट-कनेक्शन-मॅनेजरमध्ये ११४९ क्रमांकाची नोंद म्हणजे युजर दारापर्यंत पोचला.
युजर प्रोफाइल सर्व्हिसमध्ये १ म्हणजे प्रोफाइलचं काम सुरू, २ म्हणजे संपलं.
ग्रुप पॉलिसीमध्ये ४००१ म्हणजे युजरची पॉलिसी सुरू, ८००१ म्हणजे पूर्ण. किती सेकंद लागले तेही त्यातच लिहिलेलं असतं.
शेल-कोअरमध्ये ९७०७ आणि ९७०८ म्हणजे डेस्कटॉप आल्यावर आपोआप चालू होणारे प्रोग्राम.

समजा अकाउंट्समधल्या एका युजरच्या नोंदी अशा दिसल्या: ९:५८:०४ ला ११४९; ९:५८:०६ ला प्रोफाइल सुरू आणि ९:५८:०८ ला संपलं; ९:५८:०८ ला ४००१; आणि ८००१ थेट ९:५८:४५ ला, 'पूर्ण व्हायला ३७ सेकंद'. या दोन नोंदींच्या मधल्या ४०१६ आणि ५०१६ च्या जोड्या बघा. प्रत्येक जोडी म्हणजे पॉलिसीचा एकेक भाग, आणि ५०१६ मध्ये त्याला लागलेला वेळ मिलिसेकंदांत असतो. रजिस्ट्री १२०, फोल्डर रिडायरेक्शन ३४०, ड्राइव्ह मॅप्स ३१,१२५. झालं, सापडलं. एखादा ड्राइव्ह असा जोडला जातोय की ज्याच्या मागचं मशीन आता अस्तित्वात नाही. जुना एनएएस (नेटवर्कवर फाइल्स साठवायची पेटी) काढून नवा बसवला, पण पॉलिसीतली जुनी ओळ काढायची राहून गेली. ती ओळ काढा, ३७ चे ६ होतील.

या लॉगची जागा मुळात फार कमी असते आणि वीस-तीस युजर असले की जुन्या नोंदी लवकर पुसल्या जातात. शोध सुरू करण्याआधी लॉगच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन कमाल आकार ३०-४० एमबीपर्यंत वाढवा.

डीएनएस: पहिली शंका इथेच घ्या

ठरावीक सेकंदांचा उशीर असेल तर सर्व्हरच्या नेटवर्क कार्डवरचे डीएनएस (नावावरून मशीनचा पत्ता सांगणारी सेवा) पत्ते आधी बघा. इंटरनेट बंद पडलं की कुणीतरी येतं आणि दुसरा पत्ता म्हणून ८.८.८.८ (गूगलचा सार्वजनिक डीएनएस) किंवा राउटरचा पत्ता टाकून जातं. त्यामागचा हेतू चांगला असला तरी परिणाम वाईट होतो. डोमेन कंट्रोलर म्हणजे ऑफिसमधल्या सगळ्या युजरची ओळख तपासणारा सर्व्हर. डोमेनमधल्या सर्व्हरला 'आपला डोमेन कंट्रोलर कुठे आहे' हे डीएनएसलाच विचारावं लागतं. बाहेरच्या डीएनएसला तुमच्या ऑफिसचं डोमेन माहीतच नाही. तो 'असं नाव नाही' असं सांगतो. विंडोज हे उत्तर प्रमाण मानतं आणि दुसऱ्या डीएनएसला विचारायला जात नाही. म्हणून कधी लॉगिन झटकन होतं, कधी लटकतं.

सर्व्हरवर फक्त डोमेन कंट्रोलरचेच पत्ते ठेवा. बाहेरचे पत्ते डोमेन कंट्रोलरच्या डीएनएस सर्व्हिसमध्ये फॉरवर्डर म्हणून, म्हणजे बाहेरच्या नावांची चौकशी पुढे पाठवायला, घालायचे. तिथे ते बरोबर काम करतात आणि इंटरनेटही चालतं.

दोन शाखा असतील, म्हणजे ठाण्यात एक आणि पुण्यात दुसरी, तर कमांड प्रॉम्प्टवर 'सेट लॉगऑनसर्व्हर' देऊन बघा की ठाण्याचा युजर कोणत्या कंट्रोलरकडून आत आलाय. पुण्याचं नाव दिसलं तर ॲक्टिव्ह डिरेक्टरी साइट्स अँड सर्व्हिसेसमध्ये ठाण्याचा सबनेट (तिथल्या मशीनच्या पत्त्यांचा गट) नोंदवलेला नाही असं समजा. सबनेट नोंदवून ठाण्याच्या साइटला जोडला की विषय संपतो.

घड्याळही तपासा. सर्व्हर आणि डोमेन कंट्रोलर यांच्या वेळेत ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला तर कर्बेरॉस (डोमेनमध्ये ओळख तपासायची पद्धत) ओळख नाकारतो. वीज जाऊन आल्यावर व्हर्च्युअल मशीनचं घड्याळ भरकटणं नवीन नाही. त्याच वेळी कंट्रोलर उभा राहण्याआधी रिमोट डेस्कटॉप सर्व्हर उभा राहिला तर पहिला अर्धा तास सगळंच अडखळतं. व्हर्च्युअल मशीनच्या ऑटो-स्टार्टमध्ये कंट्रोलर आधी आणि बाकीचे पाच मिनिटांनी, असा क्रम लावून ठेवा.

ग्रुप पॉलिसीतले नेहमीचे अडथळे

प्रेफरन्सेसमधल्या ड्राइव्ह आणि प्रिंटरवर 'रिप्लेस' निवडलेलं असेल तर प्रत्येक लॉगिनला ते काढून पुन्हा जोडले जातात. 'अपडेट' करा. प्रिंटरच्या बाबतीत हा फरक नुसत्या डोळ्यांनी जाणवतो.

डब्ल्यूएमआय फिल्टरमध्ये (पॉलिसी कोणत्या मशीनला लावायची ते ठरवणारी अट) विन३२-प्रॉडक्ट हा क्लास वापरलेला असेल तर तो आजच्या आज काढा. त्याला प्रश्न विचारला की विंडोज इन्स्टॉलर प्रत्येक इन्स्टॉल केलेल्या एमएसआय प्रोग्रामची तपासणी सुरू करतो. ॲप्लिकेशन लॉगमध्ये एमएसआय-इन्स्टॉलरच्या १०३५ नोंदींची रीघ लागलेली दिसली तर हेच घडतंय.

रोमिंग प्रोफाइल (नेटवर्कवर ठेवलेलं, लॉगिनला ओढून आणलं जाणारं प्रोफाइल) किंवा नेटवर्कवरचा होम फोल्डर असेल आणि लॉगिन बरोबर अर्धा मिनिट थांबत असेल, तर 'सेट मॅक्सिमम वेट टाइम फॉर द नेटवर्क' या शब्दांनी सुरू होणारी सेटिंग बघा. ती हात न लावलेल्या अवस्थेत असली की ३० सेकंद धरले जातात. केबलने कायम जोडलेल्या सर्व्हरवर ती चालू करून मूल्य ० द्यावं.

'लॉगिन झालं, पण झेड ड्राइव्ह पाच मिनिटांनी येतो' ही तक्रार वेगळी. विंडोज ८.१ आणि सर्व्हर २०१२ आर२ पासून लॉगऑन स्क्रिप्ट मुद्दाम पाच मिनिटं थांबवली जाते. 'कॉन्फिगर लॉगऑन स्क्रिप्ट डिले' ही सेटिंग डिसेबल केली की ती लगेच चालते. (सर्व्हर २०१२ आर२ चा नेहमीचा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ ला संपलाय; अजून त्यावर असाल तर लॉगिनच्या वेगापेक्षा ती काळजी मोठी आहे.)

साचत जाणारा उशीर: फायरवॉलचे नियम

सर्व्हर २०१६ आणि २०१९ वर महिन्यागणिक लॉगिन मंदावत असेल, पडदा काळा राहत असेल, स्टार्ट मेनू उघडत नसेल, तर विंडोज फायरवॉलची ॲडव्हान्स्ड सिक्युरिटीची खिडकी उघडून इनबाउंड रूल्सची यादी बघा. 'कोर्टाना', 'युअर अकाउंट', 'वर्क ऑर स्कूल अकाउंट' ही नावं पुन्हा पुन्हा, शेकड्याने आलेली दिसतील. ती खिडकी उघडायलाच दोन मिनिटं लागली तर मोजायचीही गरज नाही.

हे असं होतं: प्रत्येक युजर लॉगिन झाला की त्याच्या ॲप्ससाठी विंडोज नवे नियम बनवतं, आणि लॉगऑफ झाल्यावर ते मागेच राहतात. युजर प्रोफाइल डिस्क (प्रत्येक युजरचं प्रोफाइल वेगळ्या व्हर्च्युअल डिस्कवर ठेवायची सोय) वापरत असाल तर दरवेळी नव्याने बनतात. तीस माणसं, रोज एक लॉगिन, वर्षाचे तीनशे दिवस, हिशोब करा. पुढच्या प्रत्येक लॉगिनला हा सगळा ढीग वाचावा लागतो.

उपायाचे दोन भाग आहेत आणि दोन्ही करावे लागतात. नवीन साचणं थांबवण्यासाठी विंडोजचे अपडेट्स चढवा, मग रजिस्ट्रीत एचकेएलएम, सिस्टम, करंटकंट्रोलसेट, सर्व्हिसेस, शेअर्डॲक्सेस, पॅरामीटर्स, फायरवॉलपॉलिसी या जागी 'डिलीट युजर ॲप कंटेनर्स ऑन लॉगऑफ' या नावाचं ३२ बिटांचं डीवर्ड मूल्य बनवून त्याला १ द्या. नाव इंग्रजीत आणि शब्दांमध्ये जागा न सोडता लिहायचं. हे मूल्य ओळखण्याची सोय मागाहून आलेल्या अपडेट्सनी दिली आहे, त्यामुळे अपडेट न केलेल्या सर्व्हरवर ते टाकून काही होत नाही.

जुना ढीग मात्र यानेही जात नाही. रविवारी सगळ्यांना लॉगऑफ करा, फायरवॉलची पॉलिसी एक्सपोर्ट करून बाजूला ठेवा, आणि पॉवरशेलमधून ज्या नियमांचा 'ओनर' हा रकाना भरलेला आहे तेवढेच काढा. ओनर भरलेला म्हणजे युजरच्या नावाने बनलेला नियम. गरजेचे नियम पुढच्या लॉगिनला परत बनतात. ओनर रिकामा असलेल्या नियमांना हात लावू नका, रिमोट डेस्कटॉपचं स्वतःचं दार त्यांच्यातच आहे. ढीग मोठा असला तर हे काम तासन्‌तास चालतं. मध्येच तोडू नका.

प्रोफाइल

एफएसलॉजिक्स (प्रत्येक युजरचं प्रोफाइल एका कंटेनर फाइलमध्ये ठेवणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल आणि एखादा युजर बरोबर एक मिनिट अडकत असेल, तर त्याची कंटेनर फाइल दुसऱ्या सेशनने धरून ठेवलेली असते. हे सॉफ्टवेअर दर ५ सेकंदांनी असे १२ प्रयत्न करतं. तोच तो मिनिट. फाइल सर्व्हरवर कॉम्प्युटर मॅनेजमेंटमधल्या 'ओपन फाइल्स'मध्ये ती कुणी धरलीय ते दिसतं. बहुतेक वेळा आदल्या संध्याकाळी लॉगऑफ न करता नुसती खिडकी बंद करून गेलेलं सेशन दुसऱ्या सर्व्हरवर तसंच पडलेलं असतं. कंटेनरच्या व्हीएचडी आणि व्हीएचडीएक्स फाइल्स अँटिव्हायरसमधून वगळलेल्या आहेत ना, हेही बघा.

साधं रोमिंग प्रोफाइल असेल तर आकार बघा. डेस्कटॉपवर ठेवलेले स्कॅन आणि डाउनलोड्स प्रत्येक लॉगिनला नेटवर्कवरून ओढले जातात. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सना फोल्डर रिडायरेक्शन लावा, म्हणजे ते प्रोफाइलबाहेर, फाइल सर्व्हरवरच राहतील. लोकांना 'डेस्कटॉपवर फाइल ठेवू नका' हे कितीही सांगितलं तरी ते ठेवणारच, आणि त्यांचं चुकतही नाही.

प्रिंटर

याची चाचणी एका मिनिटाची आहे. युजरच्या पीसीवर रिमोट डेस्कटॉप कनेक्शन उघडा, 'लोकल रिसोर्सेस'मध्ये प्रिंटर्सची खूण काढा, पुन्हा लॉगिन करा. उशीर गेला तर गुन्हेगार मिळाला. घरून, म्हणजे डोंबिवली-बदलापूरहून काम करणाऱ्यांच्या लॅपटॉपवर तीन-चार जुने प्रिंटर तसेच नोंदलेले असतात आणि सगळे सर्व्हरपर्यंत येतात. 'रिडायरेक्ट ओन्ली द डिफॉल्ट क्लायंट प्रिंटर' ही पॉलिसी चालू करा, आणि ईझी प्रिंट ड्रायव्हर (सगळ्या प्रिंटरसाठी विंडोजचा एकच ड्रायव्हर) आधी वापरायची सेटिंगही. चलन-बिलांसाठी डॉट मॅट्रिक्स वापरत असाल तर ईझी प्रिंटवर रकाने सरकतात का हे एका युजरवर तपासूनच सगळ्यांना लावा.

सकाळचीच गर्दी असेल तर

रिसोर्स मॉनिटर आणि परफॉर्मन्स मॉनिटर ९:४५ ते १०:१५ चालू ठेवा. लॉजिकल डिस्कचा 'ॲव्हरेज डिस्क सेकंद पर रीड' आणि 'पर राइट' बघा. १० मिलिसेकंदांच्या आत असेल तर डिस्क ठीक. सतत २५ च्या वर असेल तर तीच अडवतेय. फिरत्या हार्ड डिस्कवर तीस प्रोफाइल एकाच वेळी उघडणं झेपत नाही, तिथे एसएसडीचा खर्च खरोखर वसूल होतो.

पण एसएसडी घेण्याआधी रेड कार्डच्या (अनेक डिस्क एकत्र चालवणारं कार्ड) सॉफ्टवेअरमध्ये जाऊन बॅटरीची अवस्था बघा. बॅटरी मेली की कार्ड राइट-बॅक (लेखन आधी कार्डच्या मेमरीत घेणं) सोडून राइट-थ्रूवर जातं, म्हणजे प्रत्येक लेखन थेट डिस्कवर पोचेपर्यंत थांबतं. 'परवापर्यंत बरं होतं, लाइट गेल्यापासून स्लो आहे' ही तक्रार आली की हे आठवा. बॅटरी न बदलता राइट-बॅक जबरदस्तीने चालू करू नका. पुढच्या वेळी वीज गेली की टॅलीचा डेटा पणाला लागेल.

रॅमसाठी 'क्वेरी युजर' ही कमांड द्या आणि 'डिस्क' (हार्ड डिस्क नव्हे, 'डिसकनेक्टेड'चं लघुरूप) असं लिहिलेली सेशन्स मोजा. ती तुटलेली सेशन्स असतात, आणि प्रत्येकात कालचा क्रोम आणि एक्सेल उघडा असतो. तुटलेल्या सेशनला वेळेची मर्यादा घाला. तीन तास पुरतात. लागू करण्याआधी सगळ्यांना सांगा, नाहीतर कुणाची तरी न सेव्ह केलेली शीट जाईल.

सर्व्हरचा पॉवर प्लॅन 'बॅलन्स्ड' असेल तर 'हाय परफॉर्मन्स' करा. अँटिव्हायरसचं रोजचं पूर्ण स्कॅन सकाळी असेल तर रात्री दोनला हलवा.

दारावरची गर्दी

शेवटी सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२५, म्हणजे फसलेल्या लॉगिनच्या, नोंदी मोजा. तासाला शेकडो असतील, आणि नावं 'ॲडमिनिस्ट्रेटर', 'टेस्ट', 'स्कॅनर' अशी अनोळखी असतील, तर राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट बाहेर उघडा ठेवलेला आहे आणि जगभरातून कुणी ना कुणी पासवर्ड ठोकून बघतंय. प्रत्येक खोट्या प्रयत्नासाठी सर्व्हर राबतो, म्हणून खऱ्या माणसाचं लॉगिनही रखडतं. इथे वेगाचा प्रश्न दुय्यम आहे. असा पासवर्ड एकदा लागला की सगळा डेटा कुलूपबंद करून खंडणी मागितली जाते. पोर्ट नंबर बदलून भागत नाही, नवा नंबरही स्कॅनमध्ये सापडतो. पोर्ट फॉरवर्डिंग आजच काढा. घरून येणाऱ्यांना व्हीपीएन किंवा आरडी गेटवेने (रिमोट डेस्कटॉपचं सुरक्षित प्रवेशद्वार) आत घ्या, दोन टप्प्यांच्या ओळखीसह.

एका वेळी एकच बदल करा. दुसऱ्या दिवशी दहाला त्याच तीन युजरचं लॉगिन पुन्हा मोजा आणि आकडा त्याच कागदावर, तारखेसह, आधीच्या आकड्याशेजारी लिहा. फरक पडला नाही तर बदल मागे घ्या आणि मगच पुढचा करा.